चाक फिरत होते, दार मिटले होते

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहताक्षणी ओळखेल असे मला वाटत नाही. मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. मुठीत मावेन एवढाच माझा देह. डोक्यावर लाल रंगाचे लहानसे चाक आणि पोटात पातळ पितळी दार. चाक एका बाजूला फिरवले की दार खाली उतरते आणि पाणी थांबते. उलट फिरवले की दार वर चढते आणि पाणी वाहू लागते. नळासारखा मला कुणी रोज हात लावत नाही आणि शॉवरसारखे माझ्याखाली उभे राहून कुणी गाणीही म्हणत नाही. पण मी बिघडलो तेव्हा एका घरावर काय वेळ आली, ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यात दोष माझा होता. तो तुमच्यासमोर कबूल करावा, म्हणून हे सारे सांगतो आहे.

बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले पितळ ओतले, थंड झाल्यावर घासूनपुसून मला चकचकीत केले. एका बाईने माझ्या चाकाला लाल रंग दिला. मग एका चष्मेवाल्या तपासनिसाने मला दहा वेळा मिटून उघडले आणि 'हा पोरगा टिकेल' असे म्हणून पेटीत ठेवले. ते शब्द ऐकून मला फार बरे वाटले होते.

त्यानंतर मी टॉडमॉर्डन ह्या डोंगराळ गावी आलो, हेलिवेलांच्या घरी. डोंगराच्या उतारावर एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या दगडी घरांच्या ओळीत शेवटून दुसरे ते घर. क्लिफर्ड हेलिवेल पोस्टमन होता आणि त्याची बायको डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचे जेवण रांधायची. मी दोघांना एकेरीत म्हणतो, रागावू नका. त्यांच्या घरात मी चाळीस वर्षे काढली आहेत.

वरच्या मजल्यावर बाथरूमला लागून एक अरुंद कपाट होते. त्यात गरम पाण्याची तांब्याची उंच टाकी, आणि टाकीच्या वर फळ्यांवर टॉवेल नि चादरी ऊब खात पडलेल्या. टाकीच्या पायथ्याशी, नळीच्या मधोमध, मला बसवले. छपराखाली गार पाण्याची एक मोठी टाकी होती. तिथले पाणी माझ्यातून उतरून तांब्याच्या टाकीत शिरे आणि आतल्या गरम पाण्याला वरून बाहेर ढकले. म्हणजे मी जेवढे गार पाणी आत सोडीन, तेवढेच गरम पाणी घरातल्या नळांना मिळे. मी अर्धा मिटलो की सगळ्या घराचे गरम पाणी अर्ध्यावर येणार, असा तो हिशेब होता.

मला बसवणारा ग्रीनवुड नावाचा म्हातारा प्लंबर जाताना डोरीनला म्हणाला, "बाई, ह्याला वर्षातून एकदा तरी फिरवत जा. नाहीतर हा जागच्या जागी आखडून बसेल, माझ्या गुडघ्यांसारखा."

डोरीनने ते मनावर घेतले. दर ईस्टरच्या आधी हिवाळ्याच्या गोधड्या फळीवर ठेवायला ती कपाट उघडी, तेव्हा माझ्याकडे वळे. चाक हळूच मिटायची, हळूच उघडायची, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब माझ्या मानेवर सोडायची आणि फडक्याने मला पुसायची. क्लिफर्ड जिन्यातून विचारी, "त्या चाकाशी काय खेळतेस गं?" ती म्हणे, "तुझ्या आंघोळीची सोय करतेय. तू नुसता खाली उभा राहणारा." त्या दिवसांत मी स्वतःला फार महत्त्वाचा समजत असे, आणि खरे सांगतो, मला ते आवडत असे.

पुढे तिची बोटे संधिवाताने वाकडी झाली. चाक तिच्या मुठीत बसेना. एका ईस्टरला तिने प्रयत्न केला, "पुढच्या वर्षी बघू" म्हणाली आणि पुढची अकरा वर्षे मला कुणाचा हात लागला नाही. क्लिफर्डला तर माझी आठवणही राहिली नव्हती. मी तसाच उघडा उभा राहिलो. माझ्या पोटातल्या दाराच्या खाचेत हिरवट कीट चढले, दार आणि दांडी यांचा सांधा झिजून कुजत गेला. बाहेरून मात्र लाल चाक जसेच्या तसे दिसत होते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी डोरीन न्याहारीच्या टेबलाशीच कोसळली. तिची उजवी बाजू लुळी पडली. ती इस्पितळात गेली आणि तिथून रुग्णांना पुन्हा चालते-बोलते करणाऱ्या वॉर्डात गेली. हळूहळू शब्द परतले, दोन पावलेही टाकता येऊ लागली. पण तिची आंघोळ आता दुसऱ्याच्या हाती होती, आणि आमच्या बाथरूममध्ये उंच काठाचा जुना टब होता. तो ओलांडून जाणे तिला आता ह्या जन्मी शक्य नव्हते.

तिला घरी पाठवायचे की नाही, हे ठरवणारी ग्रेस ओकोरो नावाची थेरपिस्ट होती. ती घर पाहायला आली आणि जिन्यात उभी राहून तिने क्लिफर्डला समजावले. जिन्याला सरकती खुर्ची बसवा. टब काढा. जमिनीला समतल असा शॉवर बसवा, त्यात बसायला खुर्ची, धरायला दांडे, आणि पाणी सारखे कोमट राहिले पाहिजे. डोरीनला उजव्या बाजूला ऊन-गार कळत नाही, म्हणून ते फार महत्त्वाचे. हे झाले तर ती घरी येईल. नाहीतर बर्नलीच्या पलीकडे एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी खाट आहे. क्लिफर्डला डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नसे. बर्नलीच्या पलीकडे म्हणजे दोन बस बदलून जायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे.

तेवढ्यासाठी क्लिफर्डने आमचे बाथरूम मोडायला काढले. सगळे एका बाईला घरी आणण्यासाठी चालले होते, हे मी भिंतीआडून ऐकत होतो.

प्लंबरचे नाव डॅरन. चांगला माणूस, तिशीतला, कामाला चोख. पहिल्याच सकाळी पाणी बंद करायला तो माझ्या कपाटाशी आला. त्याने चाक फिरवून पाहिले. मी हललो नाही. अकरा वर्षे आखडलेले अंग एकदम कसे हलणार? त्याने पिशवीतून मोठा पाना काढला, माझ्या चाकाला घट्ट पकडला आणि सारा जोर लावला. दार कसेबसे खाली सरकले, आणि तळाशी टेकता टेकता माझ्या पोटात 'कट्' असा आवाज झाला.

तो आवाज डॅरनने ऐकला. त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, पाना खाली ठेवला, आणि तेवढ्यात क्लिफर्ड चहाचा ट्रे घेऊन जिना चढून आला.

"दूध जास्त झालं का रे?" क्लिफर्डने विचारले.

"नाही नाही, फक्कड आहे," डॅरन म्हणाला आणि पांढराफटक चहा घोटाघोटाने प्याला. "पाणी बंद झालं. लागतो कामाला."

आमच्या भागातली माणसे अशी आहेत, मित्रांनो. समोरच्याला वाईट वाटेल असे काही बोलायचे झाले, तर ती चहा पितात.

आठवड्याने काम संपले. डॅरनने माझे चाक उलट फिरवले. ते अगदी लोण्यासारखे फिरले, शेवटपर्यंत गेले, थांबले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पण आत माझे दार दांडीपासून सुटले होते. ते बोटभर वर आले आणि पुन्हा खाली घसरून वाटेत आडवे बसले. कडेने जेमतेम एक बारीक धार जाईल एवढीच जागा उरली. मला ओरडावेसे वाटले. पितळाला तोंड नसते.

नवा शॉवर सुरू केला तेव्हा मात्र पाणी झकास आले. त्याचे कारण सांगतो. तांब्याच्या टाकीच्या वर हवेसाठी एक उभी नळी असते, तिच्यात थोडे पाणी साठून राहते. ते साठलेले पाणी दहा-बारा सेकंद पुरते. डॅरनने हात धरला, "ऊन आहे, जोर आहे," म्हणाला आणि दहाव्या सेकंदाला तोटी बंद केली. क्लिफर्डने त्याच्याशी हस्तांदोलन केले.

दुसऱ्या दिवशी क्लिफर्ड स्वतः त्या शॉवरखाली उभा राहिला. दहा सेकंद सुख. मग नळी रिकामी झाली, पाइपात हवा शिरली, शॉवर खोकल्यासारखा फुरफुरला आणि नोव्हेंबरचे डोंगरातले पाणी अंगावर आले. क्लिफर्ड ओरडला नाही. त्याने गार पाण्यात अंग धुतले, कपाट उघडून टॉवेल घेतला. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते.

संध्याकाळी तो शेजारच्या खोलीतून डोरीनला फोन करायचा. त्या दिवशीही केला. "शॉवर? अगं, राजवाड्यात असतो तसा आहे," तो म्हणाला. "तू ये तर खरी."

डॅरनला कळवायला त्याने नऊ दिवस लावले. फोनवर आधी हवामान झाले, मग डॅरनच्या आईची तब्येत झाली, आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि हो, शॉवर जरासा, म्हणजे अगदी जरासा, गारटतो कधीकधी. घाई नाही हं. ह्या बाजूला कधी आलास तर." ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ती तऱ्हा मी चाळीस वर्षे ऐकत होतो. पूर्वी तिची मला गंमत वाटे.

डॅरन आला. पहिल्या खेपेला त्याने शॉवरची जाळी उघडून धुतली. आमचे पाणी मऊ, त्यात क्षार कुठले? जाळी स्वच्छच होती. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, पाइपात हवा अडकली असणार, आणि उलट्या बाजूने पाणी सोडून त्याने ती काढली. तिसऱ्या खेपेला ऊन-गार मिसळणारा शॉवरचा आतला भाग त्याने नवा आणून बसवला. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो बिचारा नवा शॉवर, निकेलचा, देखणा, कुणाचे काही बिघडवले नव्हते. दर खेपेला त्याची हाडे खिळखिळी करून पुन्हा जोडली जात आणि मी भिंतीपलीकडे पूर्ण उघडा असल्याचे सोंग घेऊन बसलेलो असे. मला माझी लाज वाटत होती.

दर खेपेला डॅरन दहा सेकंद हात धरून पाही आणि विचारी, "आता?"

"आता झकास," क्लिफर्ड म्हणे. चहा होई. डोरीनने शिकवलेला आल्याचा केक, पार्किन, तो आता स्वतः भाजू लागला होता. त्याचा एक तुकडा कागदात गुंडाळून डॅरनच्या खिशात जाई.

आणि मग डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी ग्रेस डोरीनला घेऊन आली. घरी जमते का, ते एक दिवस करून पाहायचे होते.

जिन्याच्या खुर्चीचा घर्र आवाज आला आणि मग चार महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला. जरा जड झाला होता, शब्द काठीवर रेलून चालल्यासारखे येत होते. "भिंतींना निळा रंग का रे दिलास?" तिने विचारले.

"तुला आवडतो ना निळा."

"आवडतो. म्हणून तर विचारते, तुला कसं आठवलं."

ग्रेस हसली. मग तिने क्लिफर्डला नेहमीचा प्रश्न विचारला. "मिस्टर हेलिवेल, शॉवर व्यवस्थित चालतो ना?"

मला वाटले, बोल, आता तरी बोल.

"झकास चालतो," क्लिफर्ड म्हणाला.

डोरीनला खुर्चीवर बसवले. पाणी सोडले. दहा सेकंद मी मोजले. मग माझ्या फटीतून जेवढे जाईल तेवढेच गेले, शॉवर फुरफुरला, आणि पलीकडे पाण्याचा आवाज बदलला. गार पाण्याचा आवाज वेगळा असतो, मित्रांनो. तो जास्त कडक असतो. चाळीस वर्षे पाण्यात काढल्यावर एवढे कळते.

डोरीन काही म्हणाली नाही.

"ठीक आहे ना, डोरीन?" ग्रेसने विचारले.

"छान आहे," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. "खूप छान आहे, बाई. अगदी हवं तसं."

ती घरी यायला इतकी आसुसलेली होती की बर्फासारखे पाणी अंगावर घेऊन ती ते गोड मानून घेत होती. आणि क्लिफर्ड दाराशी उभा राहून पाहत होता. माझ्या आयुष्यात त्याहून वाईट क्षण आला नाही. ती दोघे मूग गिळून बसली होती, आणि जो खरा गुन्हेगार तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर, टॉवेलांच्या उबेत बसला होता.

ग्रेसने बाही सरसावून पाण्यात हात घातला असावा. तोटी एकदम बंद झाली. "टॉवेल," ती म्हणाली. "लवकर. सगळे आणा."

डोरीनला कोरडी करून, गुंडाळून शेगडीशी बसवल्यावर ग्रेस बाहेर आली. ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट होते. "मिस्टर हेलिवेल, मी ह्यावर सही करू शकत नाही. आज ते गार होतं. उद्या असंच उकळतं आलं तर त्यांना कळणारसुद्धा नाही. त्या आश्रमातली खाट शुक्रवारपर्यंत धरून ठेवलीय. शुक्रवारी सकाळी मला उत्तर द्यावं लागेल, त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"बरोबर आहे तुमचं," क्लिफर्ड म्हणाला. "तुम्हाला उगाच खेप पडली."

त्यांची गाडी गेल्यावर तो ओले टॉवेल ठेवायला वर आला. माझे कपाट उघडले. वरच्या फळीवरचा एक कोरडा टॉवेल त्याने हातात घेतला, त्यात तोंड लपवले आणि तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. टॉवेल बाजूला केल्यावर त्याची नजर माझ्यावर पडली, पण त्याला फक्त एक लाल चाक दिसले असणार.

मग तो शेजारच्या खोलीत गेला आणि त्याने डॅरनला फोन लावला. ह्या वेळी हवामान नव्हते.

"डॅरन, क्लिफर्ड हेलिवेल बोलतोय. माफ कर मला. ते बरोबर चालत नाही रे. पहिल्या दिवसापासून चालत नाही. मी तुला दर वेळी खोटं सांगितलं. तिला आज त्या गार पाण्याखाली बसवलं मी." मग पलीकडून डॅरन काहीतरी म्हणाला. "नाही, तुझा दोष म्हणत नाही मी. पण शुक्रवारपर्यंत झालं नाही तर ती यायची नाही. एवढंच. माफ कर."

गुरुवारी सकाळी सात वाजता डॅरन हजर होता. त्याने शॉवर पुन्हा उघडला, पुन्हा जोडला आणि ह्या खेपेला पाणी सोडून तो तीन मिनिटे हात धरून उभा राहिला. फुरफुर. गार. तो शिव्या घालत कमोडच्या झाकणावर बसला.

"पंप बसवावा लागेल बहुतेक. मागवायला दोन आठवडे."

"उद्या शुक्रवार आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"मला माहीत आहे." डॅरनने दोन्ही हातांनी तोंड पुसले. "काका, नीट आठवा. मी काम केल्यापासून घरात आणखी काही बदललंय? काहीही. क्षुल्लक का असेना."

क्लिफर्ड घुटमळला. "तसं काही नाही. म्हणजे, खाली स्वयंपाकघरातला गरम नळ जरा मेला आहे. पण त्याचा ह्याच्याशी काय संबंध."

"कधीपासून?"

"तू गेलास त्या दिवसापासून. कप धुवायला मी किटलीतलंच पाणी घेतो. एकटा माणूस, एक कप, एक बशी. म्हटलं, तू शॉवरसाठी आलायस, त्यात हेही कुठं गळ्यात मारू."

डॅरन एक महिना त्याच स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पार्किन खात होता. "काका," तो म्हणाला, "हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंत ना, तर मी शॉवरला हातही लावला नसता. दोन्ही नळांचं गरम पाणी कमी, म्हणजे खोट अलीकडे, टाकीपाशीच आहे." आणि तो उठून थेट माझ्या कपाटाशी आला.

त्याने क्लिफर्डला खाली गरम नळ सोडून ठेवायला सांगितले. मग माझे चाक फिरवले, बंद होण्याच्या दिशेने, शेवटपर्यंत. "बंद झाली का धार?" त्याने जिन्यातून विचारले.

"नाही. होती तेवढीच आहे."

त्याने पूर्ण उघडले. "आता?"

"तेवढीच."

डॅरन गुडघ्यांवर बसला. त्याने माझ्या चाकावर तळवा ठेवला. क्लिफर्ड वर आल्यावर तो मान वर न करता बोलला. "ह्याचं दार आत तुटलंय. चाक फिरतं, दार फिरत नाही. आणि काका, हे मला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक नव्हतं, पण पहिल्या दिवशी पान्याखाली कट् झालेलं मी ऐकलं होतं. तेवढ्यात तुम्ही चहा आणलात. नंतर पाणी आलं, म्हटलं, चाललंय ना, कशाला काढा."

मला वाटले, आता क्लिफर्ड नेहमीप्रमाणे 'असू दे, असू दे' म्हणणार.

"तेव्हाच बोलायला हवं होतंस तू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्याच्या तोंडून असे वाक्य मी चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. मग तो म्हणाला, "आणि मीसुद्धा. चल, सांग, मी काय धरू?"

छपरातली टाकी रिकामी केली. डॅरनने करवतीने नळी माझ्या दोन्ही बाजूंनी कापली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही. मला सुटल्यासारखे वाटले. माझ्या जागी त्याने लांब दांड्याचा एक नवा व्हॉल्व्ह बसवला, पाव फेऱ्यात मिटणारा-उघडणारा. मला बाथरूमच्या खिडकीत ठेवून तो हात धुवायला गेला. चाळीस वर्षे ज्या खोलीला मी पाणी पाठवले, ती मी प्रथमच पाहिली. भिंती निळ्या होत्या. शॉवर सोडला होता, आणि एक मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे झाली तरी त्यातून वाफ निघतच होती. दोघे पुरुष त्या पाण्यात एकेक हात धरून शेजारी शेजारी उभे होते.

शुक्रवारी ग्रेस आठ वाजताच आली. तिने थर्मामीटर पाण्यात धरला आणि घड्याळ लावून ती पूर्ण दहा मिनिटे उभी राहिली. क्लिफर्ड दाराच्या चौकटीला धरून होता. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, शॉवर व्यवस्थित चालतो ना.

"आता चालतो," तो म्हणाला. "आधी चालत नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर, माझ्या शेजारी कागद टेकवून तिने सही केली.

सोमवारी डोरीन आली. दुपारी क्लिफर्डने तिला खुर्चीवर बसवले आणि पाणी सोडले. ती डोळे मिटून बसली होती. वाफेने खिडकीची काच धुरकट झाली, आणि माझ्यावरही दव धरले.

"फार ऊन आहे," ती म्हणाली.

क्लिफर्डने घाईघाईने तोटी फिरवली.

"आता गार. आणि ही खुर्ची तिरकी बसवलीयस. आणि साबण डाव्या हाताला पाहिजे, उजवा काय, नुसता शोभेला आहे."

तो साबणाची बशी इकडून तिकडे नेत हसायला लागला. "मागच्या वेळी बर्फ पडत होतं अंगावर, तेव्हा तक्रारीचा एक शब्द बोलली नाहीस."

"तेव्हा मी पाहुणी होते रे," डोरीन म्हणाली. "आज घरी आलेय."

मित्रांनो, माझी आता भंगारात जायची वेळ आली आहे, त्याचे मला दुःख नाही. दोन गोष्टी तेवढ्या मागतो. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल, जिन्याखाली, मोरीत, गच्चीवर, तर वर्षातून एकदा त्याला हात लावा, हळूच मिटा, हळूच उघडा. आणि घरातल्या थकल्याभागल्या माणसाला 'सगळे ठीक ना?' असे विचाराल, तेव्हा 'झकास' हे उत्तर ऐकून लगेच पाठ फिरवू नका. पाण्याखाली हात धरा आणि दहा सेकंदांपेक्षा जरा जास्त वेळ थांबा.